विश्लेषण : बिनपायडलची सायकल बनवणारे कार्ल ड्राइस कोण होते? मुलांना तोल शिकवणाऱ्या गाडीची गोष्ट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुक्ताईनगर, वरणगाव, भुसावळकडच्या घरांत लहान मुलांच्या सायकलीचा विषय निघतोच. दुकानात मिळते ती रंगीत सायकल, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी आधाराची चाके लावलेली. अलीकडे मोबाइलवर मात्र दुसरीच गाडी दिसू लागली आहे. दोन चाके, हँडल, सीट, बस्स. पायडल नाही, चेन नाही. मूल सीटवर बसते आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळते. तिला ‘बॅलन्स बाइक’ म्हणतात. किंमत बघून आजोबा विचारतात, अर्ध्या सायकलीला एवढे पैसे कशाला?

खरे तर ही अर्धी सायकल नाही. जगातली पहिली दुचाकी अशीच होती, आणि ती मोठ्या माणसांसाठी होती. २०० वर्षांपूर्वी ती बनवणाऱ्या माणसाला लोकांनी आधी डोक्यावर घेतले, मग हसून हसून गावातून घालवले, आणि शेवटी त्याचे निवृत्तिवेतनही काढून घेतले. त्यांचे नाव कार्ल ड्राइस.

कार्ल ड्राइस कोण होते?

जन्म २९ एप्रिल १७८५, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात. जर्मनी हा एक देश तेव्हा नव्हता. लहानमोठी संस्थाने होती आणि कार्ल्सरूहे ही बाडेन संस्थानाची राजधानी होती. घराणे उमरावांचे, पण फार श्रीमंत नव्हे. वडील न्यायखात्यात होते आणि पुढे बाडेनचे सर्वोच्च न्यायाधीश झाले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण मुलाच्या आयुष्याची वाट पुढे वडिलांच्या खुर्चीमुळेच लागली.

कार्ल हायडेलबर्ग विद्यापीठात गणित, वास्तुशास्त्र आणि शेती शिकले. नोकरी मिळाली वनखात्यात. १८१० मध्ये ते वनाधिकारी झाले, पण जंगलात त्यांचे मन रमले नाही. डोक्यात सतत यंत्रे. सरकारने त्यांना पगारी रजा दिली आणि ते मॅनहाइम शहरात राहून यंत्रे बनवू लागले. १८१३ च्या सुमारास त्यांनी माणसाच्या ताकदीवर चालणारी चार चाकी गाडी तयार केली. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नात युरोपभरचे राजे-मुत्सद्दी जमले होते, तिथेही ते ती दाखवायला घेऊन गेले. कौतुक झाले, गिऱ्हाईक मिळाले नाही. गाडी जड होती.

घोड्याशिवाय गाडी कशाला हवी होती?

जनावराशिवाय चालणारे वाहन ही कल्पना मुक्ताईनगरकरांना तरी नवी नाही. तालुक्यातच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला मुक्ताबाई आणि तिची भावंडे भिंतीवर बसून निघाली, ही कथा इथल्या मुलांना शाळेत जाण्याआधी ठाऊक असते. ड्राइस यांची अडचण मात्र रोकडी होती. घोड्याला ओट नावाचे धान्य लागते, आणि ते महागले होते.

एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. राख आणि वायू वातावरणात इतके उंच गेले की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. १८१६ मध्ये पिके शेतात कुजली, धान्य कडाडले, माणसांचीच उपासमार सुरू झाली. तिथे घोड्यांना कोण विचारणार? या टंचाईनेच ड्राइस यांना पुन्हा गाडीकडे वळवले, असे त्यांचे काही चरित्रकार मांडतात. ड्राइस यांनी स्वतः तसे लिहून ठेवल्याचा पुरावा नाही, त्यामुळे हा जुळवलेला पण पटण्यासारखा अंदाज म्हणायचा. काहीही असो, १८१७ मध्ये त्यांनी चारऐवजी दोनच चाके घेतली आणि ती एकामागे एक बसवली.

इथेच खरी झेप आहे. दोन चाके एका रेषेत ठेवली तर गाडी पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळते. ड्राइस यांना त्यापुढचे कळले. गाडी चालती असेल आणि पुढचे चाक वळवता येत असेल, तर ती पडत नाही. बर्फावर स्केटिंग करणारा माणूस एकेका पायावर तोल सांभाळत सरकतो, त्यावरून त्यांना हे सुचले असावे.

१२ जून १८१७ रोजी काय झाले?

त्या दिवशी ३२ वर्षांचे ड्राइस मॅनहाइममधून आपल्या लाकडी गाडीवर बसून निघाले. श्वेट्झिंगेनच्या रस्त्यावर सुमारे सात किलोमीटरवर घोडे बदलण्याचा टप्पा होता, तिथपर्यंत जाऊन ते परत आले. जाऊन-येऊन तासाभराच्या आत. पायी चालणाऱ्याच्या दुपटीहून अधिक वेग झाला. रस्ताही त्यांनी हुशारीने निवडला होता. तो राजवाड्याकडे जाणारा, संस्थानातला उत्तम रस्ता होता.

गाडीचे वजन वीस-पंचवीस किलो. सांगाडा आणि चाके लाकडाची, चाकांच्या आसाशी घर्षण कमी व्हावे म्हणून पितळ. मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक. पुढे हात टेकायला गादी लावलेली आडवी फळी, आणि पुढचे चाक वळवायला दांडा. जर्मन भाषेत तिचे नाव पडले धावण्याचे यंत्र. पुढे निर्मात्याच्या नावावरून तिला ‘ड्राइझिन’ म्हणू लागले. आजच्या बॅलन्स बाइकशेजारी तिचे चित्र ठेवले तर फरक मुख्यतः वजनाचा आणि रबराच्या टायरचा दिसतो.

त्याच वर्षाअखेर इकडे तिसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात जाऊ लागला. सायकल हे वाहन पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतले आहे, हे एरवी लक्षात येत नाही.

पण पायडल का नव्हते?

यंत्र म्हणून पाहिले तर पायडल अवघड नव्हते. चाकाच्या आसाला दांडा लावून फिरवणे लोहार-सुतारांना माहीत होते. तरीही दुचाकीला पायडल लागायला आणखी सुमारे ४५ वर्षे गेली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये ते लागले. याचे एक पटणारे कारण सांगतात. दोन्ही पाय जमिनीवरून उचलून दोन चाकांवर बसून राहायचे, ही गोष्ट माणसाला भीतिदायक वाटत होती. पाय खाली असले की धीर असतो.

दीड-दोन वर्षांच्या मुलाचेही हेच असते. सायकल शिकण्यात पाय गोल फिरवणे हा सोपा भाग. कठीण आहे तो तोल. तळहातावर उभी काठी धरणाऱ्या पोराकडे पाहिले की तोल कळतो. काठी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तो हात नेतो. सायकलचेही तसेच. गाडी डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळवायचे, म्हणजे चाके पुन्हा अंगाखाली येतात. मन सांगते उलट, की उजवीकडे ओढ. नवशिके पडतात ते इथे. हे सांगून समजत नाही, शंभरदा कलून अंगात मुरते.

सायकल पडत का नाही याचे पूर्ण गणित तर आजही वाटते तितके सोपे नाही. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती उभी राहते, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात तो परिणाम काढून टाकूनही माणसाविना तोल सांभाळणारी दुचाकी करून दाखवली होती.

मग आधाराच्या चाकांत गैर काय?

आधाराची चाके नेमके हे कलणेच बंद करतात. मूल सायकलवर बसते, पायडल मारते, आनंदात असते, पण चालवत असते ती तीनचाकीसारखी गाडी. वळताना अंग आत झुकवायचे असते, ते तिला झुकूच देत नाही. चाके काढली त्या दिवशी मूल तोलाच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच असते. शिवाय रस्ता उंचसखल असला तर दोन बाजूंची छोटी चाके उंचवट्यावर टेकतात, मागचे मोठे चाक अधांतरी राहते आणि पायडल मारूनही गाडी जागची हलत नाही. काळ्या मातीच्या गल्लीत हे रोज दिसते.

पोर्तुगालमध्ये झालेल्या एका सर्वेक्षणात बॅलन्स बाइकवर सुरुवात केलेली मुले आधाराच्या चाकांवर शिकलेल्या मुलांच्या मानाने कमी वयात स्वतंत्रपणे सायकल चालवू लागल्याचे आढळले. याचा अर्थ आधाराची चाके वाईट असा नाही. ज्या मुलाला तोलाची विशेष अडचण आहे, किंवा ज्याला फक्त अंगणात फिरायची हौस आहे, त्याच्यासाठी ती ठीकच. मात्र त्यांना तोल शिकवण्याचे साधन समजणे चूक.

गाडी गाजली, मग बंदी का आली?

१२ जानेवारी १८१८ रोजी बाडेनच्या सरकारने ड्राइस यांना या गाडीचा दहा वर्षांचा हक्क दिला. त्यांना यंत्रशास्त्राचे प्राध्यापक ही पदवी आणि वनखात्याच्या कामातून सुटका मिळाली, पगार चालू राहिला. पण बाडेनचा हक्क बाडेनपुरता. सीमेपलीकडे कोणीही सुतार तशीच गाडी ठोकून विकत होता.

लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाडी बनवणाऱ्या कारागिराने १८१८ च्या डिसेंबरात सुधारित गाडीचे पेटंट घेतले. त्याने तीनशेहून अधिक गाड्या बनवल्या, स्त्रियांसाठी खालच्या दांड्याचीही बनवली आणि १८१९ मध्ये ती चालवायला शिकवणारी शाळा उघडली. शिकणारे होते श्रीमंत घरचे तरुण. म्हणजे तोल शिकवण्याचे वर्ग दुचाकीइतकेच जुने आहेत, आणि पहिले विद्यार्थी मिशा फुटलेले होते.

आपल्याकडेही सायकल आली ती शिकवणीसह. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, तेव्हा त्यांचे भाऊ रामूअण्णा सायकल विकत आणि चालवायलाही शिकवत. त्या शिकवणीचे १५ रुपये घेत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. तोवर सायकलला पायडल आणि चेन दोन्ही आले होते. तोल मात्र गिऱ्हाइकाला स्वतःच कमवावा लागे.

लंडनची हौस एका मोसमात ओसरली. कारण रस्ते. घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेल्या रस्त्यावर तोल राहीना, म्हणून स्वार पदपथावर येत आणि चालणाऱ्यांना धडकत. मॅनहाइममध्येच पदपथावर बंदी आली. मग मिलान, लंडन, न्यू यॉर्क, आणि आपले कलकत्ताही. व्यंगचित्रकारांना तर आयता विषय मिळाला.

वडिलांच्या निकालाची किंमत मुलाला का मोजावी लागली?

२३ मार्च १८१९ रोजी मॅनहाइममध्ये ऑगस्ट फॉन कोत्सेबू या नाटककाराचा खून झाला. मारणारा होता कार्ल लुडविग झांड, धर्मशास्त्राचा विद्यार्थी. कोत्सेबू हा जुन्या राजेशाहीचा आणि रशियाचा हस्तक आहे, असे राष्ट्रवादी तरुणांना वाटे. झांड त्यांच्यासाठी हुतात्माच होता. त्याला मृत्युदंड झाला. माफी मिळावी म्हणून लोकांची सहानुभूती होती, पण बाडेनचे सर्वोच्च न्यायाधीश, म्हणजे ड्राइस यांचे वडील, माफीच्या बाजूने उभे राहिले नाहीत. मे १८२० मध्ये झांडचा शिरच्छेद झाला.

राग न्यायाधीशांपर्यंत पोहोचत नव्हता. मुलगा मात्र लाकडी गाडीवर बसून रस्त्याने जायचा. विद्यार्थ्यांनी त्यांना गाठून छळायला सुरुवात केली. गाडीवर हसणारे लोक आता माणसावरही हसू लागले. कार्ल यांचे स्वतःचे विचार उदारमतवादी होते, म्हणजे ते छळणाऱ्यांच्याच बाजूचे होते. पण आडनाव तेच, एवढे पुरे झाले.

१८२२ मध्ये ते ब्राझीलला निघून गेले. तिथे एका युरोपीय संशोधकाच्या जमिनीवर मोजणीदार म्हणून त्यांनी पाच वर्षे काढली. १८२७ मध्ये परतले तेव्हा गावाचा राग निवला नव्हता. तरीही हात चालू होते. अक्षरे उमटवणारे यंत्र त्यांनी ब्राझीलला जाण्याआधीच केले होते. आता कागदाच्या पट्टीवर लघुलिपी उमटवणारे यंत्र केले, जळण वाचवणारी चूल केली. १८३० मध्ये वडील गेले आणि दरबारातला उरलासुरला आधारही गेला. १८३८ मध्ये त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्यातून वाचल्यावर ते ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या वाल्डकात्झेनबाख या खेड्यात जाऊन राहिले. १८४५ मध्ये ते जन्मगावी परतले.

या काळात त्यांनी रुळांवर चालणारी, माणसाने ढकलायची गाडीही केली. जर्मन आणि फ्रेंच भाषांत रेल्वेमार्ग तपासणाऱ्या छोट्या गाडीला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. भुसावळकडच्या लोहमार्गावर ढकलत नेली जाणारी तपासणीची ट्रॉली पाहिलेल्यांना ती जात ओळखीची वाटेल.

‘नागरिक’ होण्याचा गुन्हा

१८४८-४९ मध्ये युरोपभर राजेशाहीविरुद्ध उठाव झाले. साठी ओलांडलेल्या ड्राइस यांनी आपली उमरावाची पदवी आणि नावातला ‘फॉन’ सोडला. यापुढे फक्त नागरिक कार्ल ड्राइस. हे धाडस नको त्या वेळी झाले. प्रशियाच्या फौजांनी बाडेनचा उठाव चिरडला आणि राजनिष्ठांनी हिशेब चुकते केले. ड्राइस यांना वेडा ठरवून कोंडण्याचा प्रयत्न झाला. तो साधला नाही, पण उठावाचा खर्च भरून काढण्याच्या नावाखाली त्यांचे निवृत्तिवेतन काढून घेतले गेले.

१० डिसेंबर १८५१ रोजी कार्ल्सरूहेमध्येच त्यांचा मृत्यू झाला. जवळ काही नव्हते. विक्षिप्त, अर्धवट उमराव अशी त्यांची जी प्रतिमा पुढे कित्येक दशके पुस्तकांतून फिरली, तिचा बराचसा भाग राजकीय विरोधकांनी रंगवलेला आहे, असे आजचे अभ्यासक मानतात. पायडलवाली सायकल त्यांनी पाहिली नाही. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टार्ली यांनी सारख्या चाकांची, चेनची ‘रोव्हर’ आणली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला, आणि मग सायकल घराघरात गेली. ज्या मॅनहाइममधून ते निघाले होते, त्याच शहरात १८८६ मध्ये कार्ल बेंझ यांची मोटारगाडी रस्त्यावर आली. सायकलस्वारांच्या संघटनांना जुन्या निर्मात्याची आठवण झाली ती १८९० च्या दशकात. तेव्हा कार्ल्सरूहेच्या मुख्य स्मशानभूमीत त्यांची कबर हलवून स्मारक उभारले गेले.

गाडी परत आली कशी?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतच लहान मुलांसाठी लाकडी बिनपायडलची सायकल बाजारात आली आणि तिथून ती जगभर पसरली. वजन तीन-चार किलो, म्हणजे मुलाला स्वतः उचलता येईल असे. दीड-दोन वर्षांचे मूल आधी ती दोन पायांत धरून नुसते चालते. मग पळते. एक दिवस पळता पळता दोन्ही पाय उचलते आणि दोन-तीन हात सरकते. ड्राइस यांच्या काळातले लोक ज्याला घाबरत होते तेच.

खानदेशातल्या जुन्या पिढीला यात नवल वाटणार नाही. तासावर भाड्याने आणलेली वडिलांच्या उंचीची काळी सायकल, डावा पाय पायडलवर आणि उजव्या पायाने जमिनीला रेटा देत लंगडत जायचे. त्यात तोल जमला की मग दांड्याखालून पाय घालून कैची, आणि सर्वांत शेवटी सीट. आधी तोल, मग पायडल, हा क्रम इथे परिस्थितीनेच लावून दिला होता. ढोपरे फुटत, एवढाच फरक.

त्यासाठी वेगळी गाडी विकत घ्यायलाच हवी असे नाही. घरात आधाराच्या चाकांची छोटी सायकल असेल तर गावातला सायकल दुरुस्तीवाला ती दहा मिनिटांत बॅलन्स बाइक करून देतो. आधाराची चाके आणि दोन्ही पायडल काढायची, आणि मूल बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यायची. घरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचे, की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखे फिरवले तर ते आणखी घट्ट बसते.

शिकवायला वाहने नसलेली सपाट, कोरडी जागा हवी, शाळेचे मैदान किंवा सकाळचा मंदिराचा मोकळा आवार. पायात चपलेऐवजी बूट, डोक्याला हेल्मेट. मागून सीट किंवा कॅरिअर धरून पळायची गरज नसते. उलट धरल्यामुळे मुलाला स्वतःचा कल कळत नाही. हलक्या उतारावर मूल पाय उचलून सलग आठ-दहा सेकंद सरकू लागले आणि वळणावर न सांगता आत झुकू लागले, की पायडल परत लावायची वेळ झाली. आधाराची चाके मात्र तेव्हा डब्यातच राहू द्यायची.